येडूची हाक

"परत दाबलं का रं बटण?" केराबाईनं गेटातूनच विचारलं.

दाबलं होतं. शाळेची सहल आली होती. बटण दिसल्यावर पोरं गप्प बसतात होय?

मंद्रूपजवळच्या आमच्या कृषी संग्रहालयात नांगर, मोट, पाभर सगळं मांडलंय आणि कुंपणाआड बावीस मेंढ्या आहेत, जिवंत. मूळच्या केराबाईच्याच. नवरा येडू थकला तेव्हा दोघांनी त्या इथं दिल्या. साहेबांनी येडूची हाक रेकॉर्ड करून कुंपणाशी बटण बसवलं. दाबलं की स्पीकरमधून येडू ओरडतो, "ह्योऽऽ, य्या य्या!" चार महिन्यांनी येडू गेला. तेव्हापासून केराबाई दर आठवड्याला बाजार करून इकडं येते. तिला तिकीट मागायची माझी छाती होत नाही.

सुरुवातीला हाकेसरशी बावीसच्या बावीस मेंढ्या धावत यायच्या. केराबाई तोंडाला पदर लावून हसायची. "बगितलंस गुरुशांता? मालक गेलं, पर त्यास्नी अजून कळलंच न्हाय."

मग एकदा गंभीर होऊन म्हणाली, "फुकट हाक मारू ने रं. पानी असंल, रान बदलायचं असंल, तवाच त्येंनी हाक मारली. जल्मभर. तुमी दिसभर त्येंच्या तोंडानं खोटं बोलताय की."

मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, लोक त्यासाठीच तर येतात. लाज वाटली, पण बटण तसंच राहू दिलं.

मेंढ्या कमी कमी येऊ लागल्या. आधी दहा, मग पाच. शेवटी एकटी कानफाटी, येडूनं बाटलीनं दूध पाजून जगवलेली.

आज केराबाईच्या ओच्यात बाभळीच्या शेंगा होत्या. "आज हाक खरी करू," ती म्हणाली. "दाब."

मी दाबलं. येडू ओरडला. कानफाटीनं कान हलवला आणि पुन्हा तोंड खाली घातलं. बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही.

"परत दाबू?"

"नगं." तिनं सगळ्या शेंगा कुंपणावरून आत टाकल्या. "त्येंची काय चूक न्हाय, मुक्या जितराबांची."

पिशवी उचलून ती निघाली.

ती गेटाशी पोचली असेल, तोच सहलीतल्या कुणीतरी बटण दाबलं. "ह्योऽऽ, य्या य्या!"

मेंढ्या शेंगा खात राहिल्या. केराबाई थांबली. वळली, आणि चार पावलं मागं आली.