लाल न झालेली जखम

डॉक्टर ओतासिलिओंनी कॉफीत दोन चमचे साखर घातली, आणि दारात उभी असलेली झुलमिराबाई बोलायला आली होती ते बोलायचंच विसरली.

अकरा वर्षं ती त्यांना कडू कॉफी पिताना पाहत आली होती. रिबेराओ शहराच्या चहूबाजूंना नजर पोचेल तिथवर ऊस. कारखाने सुरू झाले की हवेलाच मळीचा गोड वास यायचा, आणि या माणसाला साखरेचा कण चालत नसे. त्यांच्या आईचा पाय मधुमेहापायी गुडघ्यापासून कापावा लागला होता. आता तोच आजार डॉक्टरांच्या डोळ्यांवर उतरला होता.

"काय बघताय अशा? साखर आहे, विष नाही," डॉक्टर म्हणाले.

"तुम्हाला विषच की."

"होतं." डॉक्टर हसले आणि त्यांनी बशीतली पेरूची वडी उचलली. "बसा. घ्या एक. तुमच्या उंदरांना रोज वेळेवर खायला मिळतं, तुम्हाला मात्र कोणी विचारत नाही."

झुलमिरा बसली नाही. तिच्या हातात आठवड्याचे तक्ते होते. संशोधन संस्थेचं उंदीरघर ती सव्वीस वर्षं सांभाळत होती. रोज सकाळी ती प्रत्येक पिंजऱ्यापाशी थांबायची. केस विस्कटलेत का, पाठीला पोक आलंय का, डोळे अर्धवट मिटलेत का, कापसाचं घरटं नीट बांधलंय का, हे बघायची आणि तक्त्यावर खूण करायची. ती 'बरा' म्हणाली की उंदीर बरा, असं डॉक्टरसुद्धा म्हणत.

गेले पाच महिने तिथं एकच काम चाललं होतं. पायात काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. आपल्याला तो त्रास वाटतो, पण ती शरीराची हाकाटी असते: चोर शिरलाय, धावा! ही हाकाटी सुरू करणारं एक प्रथिन डॉक्टरांनी शोधलं होतं. प्रयोगशाळेत सगळे त्याला 'घंटावाला' म्हणत. फार चरबी साठलेल्या शरीरात हा घंटावाला चोर नसतानाही घंटा बडवत बसतो, आणि त्या गोंगाटात शरीराला इन्सुलिनची हाक ऐकू येत नाही. मग रक्तातली साखर चढते. तेव्हा घंटावाल्याचे हात बांधा, असा डॉक्टरांचा विचार. त्यासाठी त्यांनी एक द्रव्य बनवलं होतं. निळ्या चिठ्ठीच्या पिंजऱ्यांना ते पाण्यातून मिळे, पांढऱ्या चिठ्ठीच्या पिंजऱ्यांना नुसतं पाणी. निळ्या चिठ्ठीच्या उंदरांची साखर उतरली. पाच महिन्यांत त्यांतला एकही मेला नाही.

"डॉक्टर, काल आणि आज मिळून नऊ उंदीर मेले."

डॉक्टरांचा घास तोंडातच राहिला. "कुठल्या चिठ्ठीचे?"

"निळ्या. नऊच्या नऊ."

"कशानं?"

"भुशानं. भुसा वाफवायचं यंत्र बुधवारी नीट तापलंच नाही. पिशवीवरची पट्टी वाफ लागली की काळी पडते, ती पांढरीच होती. मी पट्टी पाहिली तोवर भुसा बारा पिंजऱ्यांत पसरून झाला होता. चूक माझी आहे. तीही लिहिलीय."

"म्हणजे जंतू गेले आत. मग पांढऱ्या चिठ्ठीचे का नाही मेले?"

"तेही आजारी पडले ना! पोक काढून बसले, अंग फुगवलं, दोन दिवस खाल्लं नाही. आज उठून खातायत." झुलमिरानं तक्ता त्यांच्यापुढं ठेवला. तिचा आवाज खाली आला. "निळे मात्र आजारी पडलेच नाहीत. हे बघा माझ्या हातचं. काल सकाळी बरा, बरा, बरा. घरटी कशी गोल बांधलेली. संध्याकाळी त्याच घरट्यांत मेलेले. सव्वीस वर्षांत मला असं कुठल्या उंदरानं फसवलं नव्हतं. शेपट्यांवर फक्त निळसर जाळी उमटली होती, संगमरवरावर असते तशी."

डॉक्टर तक्त्याकडे बघत राहिले. उंदीरघरातली हवा गाळलेली, पाणी उकळलेलं, खाणं वाफवलेलं. पाच महिने त्या उंदरांच्या दारी चोर आलाच नव्हता. घंटेवाचून काही अडलं नाही, कारण घंटेची वेळच आली नव्हती.

"सोमवारच्या बैठकीत हे मांडावं लागेल," ते सावकाश म्हणाले आणि त्यांनी तक्ता जवळ ओढला.

तेव्हा झुलमिराला त्यांचं बोट दिसलं.

मंगळवारी एका नर उंदराला उचलताना तो डॉक्टरांना कडकडून चावला होता. तिनंच जखम धुतली होती. दोन दातांच्या दोन खोल खुणा. आज शुक्रवार, तीन दिवस झाले. खुणा तशाच उघड्या होत्या. कडेला लाली नाही, सूज नाही, काही नाही. मेणाच्या बोटाला भोकं पाडावीत तशा.

तिनं बोटाकडे पाहिलं. मग साखरेच्या डब्याकडे.

"दुखतंय का हो बोट?"

"अजिबात नाही."

"डॉक्टर, तुम्ही ते कधीपासून घेताय?"

बाहेरून उसाचा ट्रक घरघरत गेला.

"चाळीस दिवस," ते म्हणाले. "माणसांवर चाचणी व्हायला आठ-दहा वर्षं लागतील, झुलमिरा. तोवर माझे डोळे थांबणार आहेत का? आणि बघा ना माझ्याकडे! वीस वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. आज सकाळी जिना धावत चढलो."

"बाही वर करा."

"अहो, मी काय तुमचा उंदीर आहे?"

"उंदीर असतात तर मान धरून उचललं असतं. करा वर."

त्यांनी बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडीखाली निळसर जाळी पसरली होती, पुसट आणि नीटस. झुलमिरानं त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली. हात गार होता आणि आत नाडी नुसती फडफडत होती, मुठीत धरलेल्या उंदराच्या काळजासारखी.

"घड्याळ बघून तुम्हीच मोजा," ती म्हणाली.

त्यांनी मोजली. एकशे बत्तीस. पुन्हा मोजली.

"जिना चढलो म्हणून असेल."

"जिना चढून तास झाला, डॉक्टर."

गोड कॉफी तशीच राहिली. झुलमिरानं खिडकीतून गाडीवाल्या जेनिवाल्दोला हाक मारली. टेबलावरचे तक्ते घेतले आणि खणातली द्रव्याची बाटलीही घेतली. पोराबाळांना आपण काय गिळलं ते सांगता येत नाही, तेव्हा बाटली बरोबर न्यावी, हे तिला आईनं शिकवलं होतं. डॉक्टर स्वतःच्या पायांनी जिना उतरले. वाटेत कोणीतरी त्यांना म्हणालंसुद्धा, "काय डॉक्टर, दहा वर्षांनी तरुण झालात!"

गाडी उसाच्या रानांमधून इस्पितळाकडे निघाली. जेनिवाल्दोनं आरशातून पाहिलं आणि विचारलं, "कोण आजारी आहे, झुलमिराबाई? डॉक्टर तर ठणठणीत दिसतायत."

डॉक्टर खिडकीला टेकून बसले होते. गार वारा लागावा तसे त्यांचे ओठ निळे पडले होते, आणि चेहरा शांत होता.

"झुलमिरा," ते हसून म्हणाले, "खरंच सांगतो, मला काही होत नाहीये."

झुलमिरानं त्यांचं मनगट सोडलं नाही.

"जेनिवाल्दो," ती म्हणाली, "आणखी जोरात घे."