नानांसाठीचं सहमतीपत्र

रुग्णाचे पूर्ण नाव

गंगाधर साळवे. एवढं लिहून रुचिताचा पेन थांबला तो सकाळी दहाला. आता दीड वाजत आला होता आणि ती अजून आयसीयूबाहेरच्या लोखंडी बाकावर तेच तीन पानी सहमतीपत्र मांडीवर घेऊन बसली होती. आत नाना, तिचे वडील, एकोणीस दिवसांपासून व्हेंटिलेटरवर होते. मेंदूत रक्तस्राव. डॉक्टरांच्या दोन्ही मंडळांनी लेखी दिलं होतं की हा माणूस आता शुद्धीवर यायचा नाही, यंत्र काढायला कायद्याची हरकत नाही. सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या. राहिली होती ती हिची.

शेजारी आई, विजया, पदराच्या टोकाला गाठ मारत होती आणि सोडत होती.

रुग्णाने पूर्वी लेखी इच्छा व्यक्त केली आहे काय? असल्यास तपशील

आहे ना. तपशील असा की नाना बावीस वर्षं चर्चच्या मंडळीचे पंच. गेल्या वर्षी पंचांनी ठराव केला: यंत्र लावू नका म्हणून आधीच कागद करून ठेवणं विश्वासणाऱ्याला शोभत नाही, जीव देवाचा आहे. ठरावाचं अक्षर नानांचं. रविवारच्या उपासनेत तो वाचलाही त्यांनीच, घसा साफ करून, चष्मा पुसून.

त्यानंतर अकराव्या दिवशी ते कचेरीत जाऊन नोटरीसमोर बसले आणि तोच कागद करून आले. साक्षीदार म्हणून उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमधले दोघं नेले. नाना तिथे टाइमकीपर होते. मंडळीतलं कुणी नेलं नाही. घरीही सांगितलं नाही. पेन्शनच्या फायलीत तो विजयाला सापडला, नाना यंत्रावर गेल्याच्या चौथ्या दिवशी.

मला यंत्रावर ठेवू नये. निर्णय माझी मुलगी रुचिता हिने घ्यावा.

हिनेच का, ते लिहिलेलं नाही. त्याखाली एक ओळ कोरी सोडली होती. रुचितानं ती खिडकीशी नेऊन उजेडात धरून पाहिली होती.

(हा रकाना सहमतीपत्रात नाही)

सात वर्षांपूर्वी, अठराव्या आठवड्यात, सोनोग्राफीत दिसलं की रुचिताच्या पोटातल्या बाळाला कवटीच तयार झालेली नाही. जन्मलं तरी जगणार नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोकळी हो, कायद्यात बसतं.

आड कायदा आला नाही, नाना आले. ओरडले नाहीत, ओरडणं त्यांना ठाऊकच नव्हतं. तिच्या पलंगाशी स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "जीव आपला नाही, पोरी. आपण फक्त सांभाळणारे."

तिनं सांभाळला. पुढचे पाच महिने सदर बाजारातल्या बायका पोटाकडे बघून हसत, कितवा महिना विचारत, आणि ती सांगत असे. मुलगा झाला. चाळीस मिनिटं होता. नाना मंडळीपुढे उभे राहून म्हणाले, माझ्या मुलीनं विश्वासाची साक्ष दिली. त्यानंतर घरात त्या पोराचं नाव निघालं नाही. रुचिता वाट बघत राहिली, की एक दिवस ते काहीतरी बोलतील. चुकलं म्हणतील. नाहीतर बरोबरच होतं म्हणतील. काहीही.

धर्म (ऐच्छिक)

पास्टर अनिमेष डबा घेऊन आले. दोन वर्षांपूर्वी बदलून आलेले, वयानं रुचिताएवढेच. मराठी समजायचं, बोलायचे हिंदी.

"जय मसीह की. दीदी, संडे को सबने खड़े होकर आपके लिए दुआ की. बोलते हैं, बाप जैसी पक्की है. साइन नहीं करेगी."

"आणि तुम्ही काय बोलता?"

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "मशीन निकालना मारना नहीं है, दीदी. मौत का रास्ता रोकना बंद करना है, बस."

"मग चर्चमध्ये सांगा न."

"वहाँ ठराव है. नानाजी का ही है."

विजया हसली. एकोणीस दिवसांत पहिल्यांदा. लगेच तिनं तोंडावर पदर धरला.

"माझ्या बाळाच्या वेळी हा फरक कुठं गेला होता?" रुचितानं विचारलं.

"मैं तब यहाँ नहीं था." मग, "वो एक जान थी, दीदी."

"आणि आत आहे ते?"

पास्टर डब्याची कडी नीट करत राहिले.

"त्याचा श्वास मीच घेऊन राहिली होती, पास्टर. त्याचं यंत्र मीच होती. मले काहून नाही काढलं?"

प्रार्थना करू का, एवढं त्यांनी विचारलं. रुचिता नको म्हणाली. डबा बाकावर ठेवून ते गेले.

विलंबाचे कारण

"त्याईच्या पाठीले जखम झाली," विजया म्हणाली. "सिस्टर कुशीवर वळवते तेव्हा दिसते. तू बघत नाही, मी बघतो."

"आई, नको."

"मंडळीले वाटते, पोट्टीचा विश्वास मोठा."

"विश्वासबिश्वास काही नाही."

"मले माहीत आहे. तू शिक्षा देऊन राहिली त्याईले."

रुचितानं मान वर केली नाही.

"दे न. मी काहून अडवू? पण त्याईले कळून नाही राहिलं, बाई. कळून राहिलं ते मले. भोगून राहिली मी." विजयानं गाठ सोडली. "आणि काही चूक नाही त्यात. तेव्हा ते स्टुलावर बसले, तर दारात मी उभी होती. मीबी तोंड उघडलं नाही. तर माझी शिक्षा समज. एकोणीस दिवस झाले. पुरे झाली का?"

रुचितानं मनात खरंच शोधून पाहिलं. कुठं काही सैल झालं असेल, तर आईला तसं सांगावं म्हणून.

"नाही," ती म्हणाली.

"बरं," विजया म्हणाली. "मग पुरी न होताच कर."

सही

तिनं केली. नात्याच्या रकान्यात मुलगी लिहिलं, स्वेच्छेने या शब्दापुढे खूण केली.

मॅजिस्ट्रेटला कळवायचं असतं, ते कळवून झालं. सिस्टर म्हणाली, चार वाजता काढतील, तोवर भेटून घ्या. विजया आत जाऊन नानांचे पाय चेपत बसली. रुचिता उशाशी उभी राहिली. नानांचे ओठ नळीभोवती फाटले होते, गालावर चिकटपट्टीचा चौकोन लाल पडला होता.

"मीच काहून, नाना?" तिनं विचारलं.

यंत्रानं छाती वर उचलली, खाली ठेवली. वर उचलली, खाली ठेवली. चार वाजेपर्यंत तिनं तीनदा विचारलं, प्रत्येक वेळी आधीपेक्षा हळू.

मग नळी काढली. एकोणीस दिवसांनी तोंड मोकळं झालं. ओठ हलले, जबडा खाली आला, आणि एवढं सगळं ठाऊक असून रुचिता पटकन खाली वाकली, कान त्यांच्या तोंडाशी नेला.

नुसती हवा होती. तीही थोडा वेळ.