न धुतलेली शाल

बाबांचा फोन आला, "अगं, आईच्या खोलीतला दिवा वाढला." मी घाईत होते. म्हटलं, "बरं झालं की, वाचायला उजेड मिळेल." फोन ठेवला आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फुटलं म्हणायचं नाही, वाढलं म्हणायचं, ही आईची भाषा. तिच्याकडे कप वाढायचा, बरणी वाढायची, चष्म्याची काचसुद्धा वाढायची. बाबा जन्मभर त्यावरून तिची टर उडवत आले आणि ती गेल्यापासून स्वतःच तसं बोलायला लागले.

मी चपला अडकवून पळत सुटले. पोचले तेव्हा पंखा गरगरत होता आणि बाबा झाडू घेऊन पलंगाभोवतीच्या काचा लोटत होते. दिवा वीज वाचवणारा, वेटोळ्या नळीचा होता. "त्यात पारा असतो!" मी म्हटलं. मी पंखा बंद केला, खिडकी सताड उघडली, बाबांना दंडाला धरून बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं.

"पारा तर तुझाच चढलाय," ते म्हणाले.

"दम कुणाला लागतो? खोकतं कोण?" मी ओरडले. "त्या वाफा छातीत गेल्या तर? एकीला पोचवून आलोय आपण!" बोलून गेले आणि जीभ चावली.

वाफा निघून जाव्यात म्हणून पाव तास आम्ही स्वयंपाकघरात थांबलो. मग हातमोजे घालून मी एकटीच आत गेले. काचा पुठ्ठ्याने उचलल्या, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपला, फरशी ओल्या कागदाने पुसली आणि सगळं झाकणाच्या बरणीत भरलं. राहिली पलंगावरची शाल. दिवा बदलताना बाबांच्या हातून निसटला तो पलंगाच्या कडेवर आपटून नेमका तिच्यावर. लोकरीत पांढरी भुकटी रुतून बसली होती.

आजारपणात आई ही शाल अंगावेगळी करत नसे. ती गेल्यावर बाबांनी ती कुणाला धुऊ दिली नाही. मी एकदा बादलीत टाकायला निघाले, तर माझ्याशी कितीतरी दिवस अबोला धरला होता.

आता ते दारात येऊन उभे राहिले. "धू हवं तर. साबण लाव, गरम पाणी घाल. मी काही म्हणणार नाही."

"धुऊन चालत नाही, बाबा. पारा पाण्यात उतरतो. टाकावीच लागेल."

"नुसती झटकली तर?"

"नाही."

मी जाड पिशवी आणली. बाबांनी माझ्याकडून हातमोजे मागून घेतले, शाल उचलली आणि रोजच्या सवयीने तोंडाजवळ न्यायला लागले. मी त्यांचं मनगट धरलं. "नाकाशी नको." मला माझाच राग आला, तरी सोडलं नाही.

त्यांनी हात लांब केला.

"एवढ्या लांबून तुला येतो का गं तिचा वास?"

"येतो," मी खोटं बोलले.

"मला नाही येत," ते म्हणाले, आणि दुसऱ्या हाताने त्यांनीच पिशवीचं तोंड उघडलं.