दुपारचं रक्त

तपासनीस ओवोनाने सकाळी सातलाच गावाची बोटं टोचली आणि साडेअकराला ‘जंत नाहीत’ असं लिहून नदीकाठच्या माश्या चावून येणाऱ्या आंधळेपणावरच्या गोळ्या वाटायला काढल्या. पहिलीच गोळी बिलोआच्या सुनेला, न्गोनोला मिळत होती. बिलोआने गोळ्यांचा डबाच उचलून मांडीवर घेतला.

“आजी, हिचं रक्त स्वच्छ आहे.”

“परवा हिच्या डोळ्यातून जंत सरकत गेला, तो मी पाहिला. अंगात हे डोळ्यातले जंत खच्चून असले की ही गोळी माणसाला आडवं करते, म्हणूनच आधी रक्त बघता ना? मग त्याची पिल्लं दुपारीच रक्तात उतरतात, हे तुला कुणी शिकवलं नाही?”

“दोनला गाडी निघते आमची.”

“म्हणजे गाडी तुझी आणि मरण आमचं.”

रांगेत कुणीतरी हसलं. बिलोआने नुसतं वळून पाहिलं आणि हसू थांबलं.

साडेबाराला ओवोनाने तणतणत न्गोनोचं बोट पुन्हा टोचलं, थेंब काचेवर पसरवला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. काच जराशी सरकवून त्याने पुन्हा पाहिलं.

“बोल की. तोंड शिवलंय का?”

“वळवळताहेत,” तो पुटपुटला. “खूप आहेत. हिला गोळी नको.” त्याने गोळ्यांच्या यादीतून न्गोनोचं नाव खोडलं.

“माझ्या सुनेचं नाव खोडलं की मी गप्प बसेन, असं वाटलं तुला? आणि ही बाकीची माणसं काय वाटेवर पडली आहेत?”

बिलोआने त्याची यादी ओढून टराटरा फाडली आणि स्वतःचं बोट त्याच्यापुढे धरलं.