सुभेदाराचा उपास

जुलाब लागलेल्याला उपाशी ठेवा, असं माझ्यासमोर कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. पणदऱ्यात एकोणतीस वर्षं मी अंगणवाडी चालवते, आणि गावातल्या निम्म्या घरांशी मी याच एका गोष्टीवरून भांडले आहे. पोराचं पोट बिघडलं की पाणी पाजा, मीठ-साखर घालून पाजा, पातळ भात भरवा, अंगावरचं दूध तोडू नका. कुणाची सासू आडवी आली तर मी तिच्याच घरात फतकल मारून बसायचे आणि पोराच्या पोटात पाणी गेल्याशिवाय उठायचे नाही. मागून मला काय काय म्हणतात ते मला माहीत आहे. म्हणू देत. माझ्या अंगणवाडीतलं एकही पोर जुलाबानं गेलेलं नाही.

आता कुत्र्याची गोष्ट.

आमचा सुभेदार सात वर्षांचा. गोठ्याच्या कट्ट्यावर पुढचे पाय टाकून असा बसतो की जाणाऱ्या-येणाऱ्यानं थांबून मुजरा करावा. म्हणून आमच्या ह्यांनी त्याचं नाव सुभेदार ठेवलं. श्रावण तोंडावर आला की आमच्याकडं वस्तीवस्तीवर मटण शिजतं, महिनाभराचं आधीच उरकून घेतात. त्या रविवारी सुभेदारानं तीन वस्त्यांचा पाहुणचार घेतला असणार. रस्सा, हाडं, चरबी, जे मिळेल ते. सोमवारी सकाळी तो गोठ्याच्या मागं वाकून उभा होता आणि त्याच्या मागनं नुसतं पाणी चाललं होतं. मग उलटी. मग परत जुलाब. दोन तासांत त्याची सगळी सुभेदारी उतरली.

नशिबानं त्याच दिवशी गाय दाखवायला जनावरांचा डॉक्टर यायचा होता. डॉक्टर म्हणजे अविराज. माझ्याच अंगणवाडीतला. नाकाला शेंबूड आणि हातात खिचडीची वाटी असा तो मला अजून दिसतो, त्यामुळं त्याच्या डॉक्टरकीचा माझ्यावर फारसा दबाव पडत नाही. त्यानं सुभेदाराच्या हिरड्या बघितल्या, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, पोट दाबून बघितलं.

"रक्त न्हाय पडत, ताप न्हाय. खाण्यानं बिघडलंय," तो म्हणाला. "बाई, आज दिवसभर आन् रात्रभर त्याला खायला काय बी द्यायचं न्हाय. पाणी थोडं थोडं. उद्या सकाळी उलटी थांबली असंल तर मऊ भात, बिनमिठाचा, मूठभर. दूध तर अजिबात न्हाय."

"उपाशी ठेवायचं?" मी म्हणाले.

"आतड्याला दम खाऊ द्यायचा. माणसाच्या लेकराचं येगळं असतं, बाई. कुत्रं स्वतःच खाणं सोडतं, बघितलंय न्हवं तुमी?"

ओट्यावर माझ्या सासूबाई बसल्या होत्या. सरुबाई. मी त्यांना आत्या म्हणते. वय अठ्ठ्याहत्तर, पण कान तिखट. त्या तिथनंच म्हणाल्या, "मी तेच म्हनत हुते. पोट रिकामं ऱ्हाऊ द्या त्येचं."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी आत निघून गेले.

कारण सांगते. बत्तीस वर्षांपूर्वी हेच शब्द मी याच घरात ऐकले होते. माझी पहिली लेक, अनिता, आठ महिन्यांची होती. चैत्रातलं ऊन, आणि तिला जुलाब लागले. आत्या म्हणाल्या, पाणी पाजलं की अजून पातळ होतं, तिला काही द्यायचं नाही, अंगावर पण घ्यायचं नाही. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या जीपमधून बारामतीला नेत होतो, माळेगावच्या पुढं ती माझ्या मांडीवरच गेली. नंतर मला मुलगा झाला, तो आता पुण्यात नोकरीला आहे. अंगणवाडीची जागा निघाली तेव्हा मी हट्टानं अर्ज केला. आत्यांशी मी भांडले नाही. एका घरात राहिले, त्यांना वाढलं, आजारपणात त्यांचं सगळं केलं. पण त्या पोरीचं नाव आमच्या घरात परत कुणी काढलं नाही, आणि मी त्यांना माफही केलं नाही. हे मी इथं सरळ सांगते, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

तर अविराज गेला. दुपारी सुभेदार माझ्याकडं बघत होता. कुत्रं बघतं तसंच. पण मला ते बघणं सोसेना. आत्या घरात जरा आडव्या झाल्या तशी मी ताटलीत अर्धी भाकरी कुस्करली, वर धारेचं दूध ओतलं आणि त्याच्यापुढं ठेवली. कालचं पोर मला शिकवतंय, असं मनात म्हणत होते. एकोणतीस वर्षं ज्याच्यावरून मी भांडले ते एका शब्दावर सोडून देऊ? सुभेदारानं ताटली चाटून स्वच्छ केली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

तासाभरात सगळं उलटून पडलं. मी राख टाकून झाकलं.

बरं, एवढ्यावर शहाणपण यावं की नाही? नाही आलं. दूध बाधलं असेल, अशी मी माझी समजूत घातली आणि संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला भात कालवून, त्यात उकडलेलं अंडं चुरून दिलं. परत आत्यांचा डोळा चुकवून. या वेळी त्यानं निम्मं खाल्लं आणि तोंड फिरवलं.

मंगळवारी सकाळी धार काढायला हे गोठ्यात गेले आणि तिथूनच ओरडले. सुभेदार कट्ट्याखाली आडवा पडला होता. हाक मारली तर शेपटीचं टोक तेवढं हललं. मानेची कातडी मी ओढून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. लेकरांच्या पोटाची कातडी मी अशीच बघते. ती अशी उभी राहिली म्हणजे काय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

अविराज अर्ध्या तासात आला. मोटरसायकल उभी करतानाच त्यानं विचारलं, "काल काय खाल्लं त्यानं?"

हे माझ्याकडं बघायला लागले. मी वाकून सुभेदाराचे कान कुरवाळायला लागले. सगळ्या गावाला शिकवणारी बाई मी.

"म्या दिली भाकरी," आत्या म्हणाल्या. "दुधात कुस्करून. सांजच्याला भात दिला. म्हातारी हाय मी, मला नुसतं बघवंना."

अविराज चिडला. सुई लावता लावता त्यांना बोलला, "आजी, तुमच्या मायेनंच मरंल की तो! सांगितलं हुतं न्हवं? काल ऐकलं असतं तर आज बसून बघत असता." आत्या खाली मान घालून ऐकत राहिल्या. मी खांबाला धरून उभी होते. खोटं बोलू नका म्हणून पोरांना दरडावणारी मी, माझ्या जागी एक म्हातारी बोलणी खात होती आणि मी गप्प होते. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

सलाईनची बाटली संपल्यावर अविराज म्हणाला, "आता खाणं बंद म्हंजे बंद. दर दहा मिन्टांनी दोन चमचे पाणी. दुपारपर्यंत पाणी पोटात टिकलं तर ह्यो वाचला. उलटलं तर मला फोन करा, बारामतीला दवाखान्यात न्यावं लागंल. पण मग माझ्याच्यानं काय सांगवत न्हाय."

ह्यांना दूध घालायला डेअरीवर जायचं होतं, तिथून उसाला पाणी. जाताना ते सुभेदाराच्या डोक्यावर हात ठेवून जरा जास्तच वेळ उभे राहिले. अंगणवाडीत मी मदतनीस भामाबाईला आजचा दिवस सांभाळायला सांगितलं. मग गोठ्यात आम्ही दोघीच उरलो. सुभेदाराखाली आत्यांनी त्यांची जुनी गोधडी आणून घातली. वाटी आणि चमचा घेऊन त्याच बसल्या. मी घड्याळ बघायचे, त्या त्याचा ओठ बाजूला करून गालफडात पाणी सोडायच्या. त्यांचा हात थरथरतो, पण एक थेंब बाहेर सांडत नव्हता.

पहिल्यांदा त्यानं पाणी टाकलं. दुसऱ्यांदा पण थोडं आलं. तिसऱ्यांदा राहिलं. चौथ्यांदाही राहिलं. आम्ही दोघी त्याच्या पोटाकडं बघत होतो, एकमेकींकडं नाही. अकरा वाजून गेले. गाई रवंथ करत होत्या.

"संजीवनी," आत्या म्हणाल्या. त्यांची नजर वाटीवरच होती. "अनीला बी असंच पाजायला पायजे हुतं."

बत्तीस वर्षं मी या वाक्याची वाट बघितली होती. ते आलं तर काय काय बोलायचं, हे मी भाकऱ्या थापताना, धुणं धुताना किती वेळा मनात घोळवलं असेल. सगळं तयार होतं माझ्याकडं. आणि तोंडातून भलतंच निघालं.

"आत्या, भाकरी मी दिली हुती."

"ठावं हाय मला. राख कोन टाकतं गोठ्यात येवडी? आन् ताटलीत निम्मा भात तसाच पडला हुता."

"मग तुमी का सांगितलं तुमी दिली म्हनून?"

"त्यो डाक्टर घरोघरी फिरतो," त्या म्हणाल्या. "बाईचंच चुकलं म्हनून कुठं बोलून गेला, तर उद्या तुझं कोन ऐकंल? एकादी सासू पाणी तोडंल लेकराचं. माझं काय, माझं काल बी कुनी ऐकत न्हवतं."

मला रडू कोसळलं. गाईंसमोर, कुत्र्यासमोर, पदर तोंडात धरून मी रडले. आणि मग जे मी स्वतःलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं, ते मला दिसलं. समोर राख पडलेली होती, तिच्याकडं बघत मी बोलले.

"कुत्र्यासाठी तुमचा डोळा चुकवला मी, आत्या. दोनदा चुकवला. आन् अनीसाठी एकदा बी चुकवला न्हाय. माठ दोन हातांवर हुता. तुमी रानात जायच्या, घरात मी एकलीच असायची. तिची जीभ सुकलेली मला दिसत हुती. चमचाभर पाणी चोरून दिलं असतं तर कुनाला कळनार हुतं? न्हाय दिलं. भ्याले मी."

आत्यांनी चमचा वाटीत ठेवला. मग म्हणाल्या, "एकवीस वर्साची हुतीस. मी तुला भ्यायलाच लावली हुती." सुभेदाराखालची गोधडी सारखी करत म्हणाल्या, "माझी दोन गेली अशीच, तुझा नवरा व्हायच्या आधी. माझ्या सासूनं बी पाणी तोडलं हुतं. मला वाटलं, तसंच करत्यात."

ही दोन लेकरं मी कधी ऐकलीच नव्हती. लग्नाला चौतीस वर्षं झाली मला.

दहा मिनिटं झाली होती. वाटी त्यांच्या हातातून मी घेतली. सुभेदारानं या वेळी गालफडात पाणी सोडायची वाट बघितली नाही, जीभ बाहेर काढून चमचा चाटला. मग मान उचलून वाटीकडं बघितलं. मी अजून दोन चमचे दिले. पोटातून गुडगुड आवाज आला, आम्ही दोघी पुढं वाकलो, आणि काही झालं नाही. पाणी आत राहिलं.

मी फोन काढला.

"कुनाला लावती?" आत्यांनी विचारलं.

"अविराजला. भाकरी कुनी दिली ते सांगते."

"आता कशाला? बोलून गेला त्यो, झालं."

"न्हाय," मी म्हणाले. "ह्या खेपंला तुमच्या एकटीच्या नावावर नको."

त्यांनी डोळ्याला पदर लावला. पलीकडून अविराज काळजीच्या आवाजात विचारत होता, पाणी टिकलं का बाई, पाणी टिकलं का. टिकलं, मी म्हणाले, आणि मग त्याला बाकीचं सांगितलं.