टेकोमाला पडलेले मार्क

झाडांची परीक्षा घ्यायला कुणी येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. गिऱ्हाईक येतं, झाड बघतं, आवडलं तर नेतं. पण बुद्धप्रिया मॅडम कागद घेऊन आल्या. वय पंचविशीच्या आसपास, शिक्षण वनस्पतिशास्त्राचं. अक्कलकोट रस्त्याच्या दुभाजकावर लावायची झाडं आधी तपासायची, शोभेचं म्हणून लावलेलं झाड उद्या रानभर पसरणार नाही ना हे बघायचं, असं वरून ठरलं होतं आणि ते काम त्यांच्याकडे आलं होतं.

माझी नर्सरी त्याच रस्त्याला आहे. मी मूळचा दुधनीचा. पंधरा वर्षं त्या रस्त्यानं गावाकडं जाताना एकच हौस मनात धरली होती. रस्त्याच्या मधोमध माझी पिवळी फुलं डुलावीत आणि येणाऱ्याजाणाऱ्यानं म्हणावं, ही आपल्या विरुपाक्षाची झाडं. टेकोमाची दोन हजार रोपं त्यासाठीच वाढवली होती.

मॅडम विचारत गेल्या आणि मी छाती फुगवून सांगत गेलो.

पाणी किती लागतं? "लागतच नाही म्हणा की. सोलापूरच्या मे महिन्यातबी हसत उभं असतंय."

कीड? "एक पान खाल्लेलं दाखवा."

जनावरं? "तोंड लावत नाहीत."

बी? "लई. कागदासारखं हलकं, वाऱ्यावर उडतंय. पडंल तिथं उगवतंय. मी फक्त खुरप्यानं उचलतो आणि पिशवीत भरतो. रोप करायचे कष्टबी नाहीत."

प्रत्येक उत्तराला त्या मार्क देत होत्या. मी मनातल्या मनात पेढे वाटत होतो. शेवटी त्यांनी कागद माझ्याकडे वळवला.

"काका, या परीक्षेत जास्त मार्क म्हणजे नापास."

माझं डोकंच फिरलं. "मी झाडाची तारीफ केली आणि तुम्ही त्याच्यावर फिर्याद लिहून घेतली की. पंधरा वर्षांत माझं एक रोप कुंपणाबाहेर गेलेलं नाही."

त्या चिडल्या नाहीत. "तोच प्रश्न राहिलाय. कुणी न लावता बाहेर उगवलंय का? झाड अजून पास-नापासाच्या काठावर आहे. नर्सरीमागचा माळ तुम्हीच बघून या. तुम्ही सांगाल ते लिहीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. खोटं कशाला सांगू, काही दिसलं तरी नाही म्हणायचं ठरवूनच गेलो होतो.

माळावर बजाबाईची मेंढरं होती. नर्सरीला लेंडीखत वर्षानुवर्षं तिच्याकडूनच येतं. तिला विचारलं, "म्हातारे, माझी पिवळी फुलं हितं कुटं दिसली का?"

तिनं काठी ओढ्याकडं केली. "तितं बग की. तीन वरसं झाली."

ओढ्याच्या काठानं टेकोमाच टेकोमा. काही गुडघ्याएवढे, काही माझ्या डोक्यावरून गेलेले. खाली गवताची काडी नाही. चाळीसपर्यंत मोजले आणि थांबलो. नर्सरीत उगवलेलं प्रत्येक रोप मी फुकटचं म्हणून पिशवीत भरत आलो, म्हणून तिथं हे झाड पसरताना मला कधी दिसलंच नाही. इथं खुरपं घेऊन कुणी बसलेलं नव्हतं.

"मला सांगितलं का न्हाईस?"

"तुज्या हातची झाडं. वाटलं, हौसंनं लावलीस. मेंढरं तोंड लावत न्हाईत, म्हनून आमी वरल्या अंगाला जातो आता."

माझ्या हौसेसाठी ही बाई तीन वर्षं बिनतक्रार लांबून फिरत होती. मला फार लाज वाटली. तिथूनच फोन लावला.

"मॅडम, हो म्हणून लिहा. चाळिसाच्या वर आहेत."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "तुमच्याकडे दुसरं काही पिवळं आहे का, काका?"

बजाबाई टेकून बसली होती त्या बांधावर इथल्याच माळाचा तरवड पिवळा फुलला होता. हाच तरवड मी नर्सरीतून तण म्हणून उपटून कुंपणापलीकडं टाकत आलो होतो.

"तरवड आहे. पण त्याची पानं अळ्या खातात."

"कसल्या अळ्या?"

"पिवळी फुलपाखरं असतात बघा, त्यांच्या."

"मग लावा," त्या म्हणाल्या, आणि हसल्याचं मला ऐकू आलं.

ओढ्यावरचे टेकोमा काढायला आम्हाला पाच दिवस लागले. आधी शेंगा पोत्यात भरल्या, मग मुळं खणली. बजाबाई काठावर बसून आमच्या नजरेतून सुटलेली झाडं दाखवत होती. नर्सरीतली रोपंही मी वाफ्यातच मोडली. मग तरवडाचं बी गरम पाण्यात भिजवून पिशव्या भरल्या.

परवा मॅडम तरवड तपासायला आल्या. निम्म्या रोपांची पानं कुरतडलेली होती. एरवी मी फवारणीचा पंप घेऊन धावलो असतो. त्यातलं सगळ्यात जास्त चाळण झालेलं रोप मी निवडून त्यांच्यापुढं ठेवलं.

"घ्या, खाल्लेलं पान," मी म्हणालो. "दुभाजकावर पहिलं हेच लावायचं. गावाकडच्या टोकाला."