बटणावरची थरथर

जानेवारीतल्या मोठ्या भूकंपानंतर सेरो ग्वायाबोच्या चढावर कुणाच्याच डोळ्याला डोळा लागत नव्हता, पण बेतोची गत सगळ्यांत वाईट. माणूस आडदांड, औषधांच्या कारखान्यात पिंपं उचलणारा, आणि जमीन नुसती खाकरली तरी हा जिन्यात उभा राहून लटपटायचा. त्या वर्षी आमच्या बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर जमीन दिवसातून कितीदा तरी खाकरायची. महिने उलटले तरी थांबायचं नाव नाही. शेवटी एका सकाळी बेतो बायकोला म्हणाला, "नेरेइदा, मी ऑर्लँडोला चाललो. भाऊ केव्हाचा बोलावतोय. यायचं तर ये, नाहीतर राहा इथे बापापाशी."

बोलून बसला आणि मग स्वतःच रडला. त्याला जायचं नव्हतं हो. त्याला झोप हवी होती.

 नेरेइदाचे वडील कासिमिरो त्यांच्या खालीच राहायचे. घर चढावरच्या सगळ्या घरांसारखं, काँक्रीटच्या खांबांवर उभं. वर संसार, खाली खांबांच्या मध्ये गाडी, आणि गाडीशेजारी भिंती घालून केलेली म्हाताऱ्याची खोली, कारण गुडघ्यांमुळे त्याला जिना चढवत नसे. एक तपासनीस येऊन खांबांवर टकटक करून दाराला 'राहायला हरकत नाही' असा हिरवा कागद चिकटवून गेला होता. तेवढ्या कागदावर विश्वास ठेवून सगळे राहत होते, दुसरं करणार काय? कासिमिरो बेट सोडणार नव्हता. ठार बहिरा माणूस परक्या मुलखात कुणाच्या तोंडाकडे बघत बसणार? आणि त्याला एकटं टाकून निघून जाण्याची कल्पनाही नेरेइदाला सोसत नव्हती. आई गेल्यापासून त्याच्या तोंडाकडे बघून बोलणारी तीच एक उरली होती.

गाव त्याला माएस्त्रो म्हणायचं, म्हणजे उस्ताद. उभी हयात त्याने जत्रांत आणि लग्नांत कॉन्ट्राबास वाजवला, ते माणसाएवढं उंच, खर्जात घुमणारं तंतुवाद्य. स्टेजवरच्या कर्ण्यांशेजारी उभं राहून राहून कान गेले. पण पाय राहिले. जमीन हलायच्या आधी त्याच्या तळव्यांना कळायचं. कसं, ते त्यालाही सांगता येत नसे. तो काठी घेऊन अंगणाचं लोखंडी फाटक बडवायचा आणि "निघा, निघा" म्हणून ओरडायचा, की अख्खी आळी बाहेर. जानेवारीत समोरच्या प्रोवीच्या स्वयंपाकघराचं छत खाली आलं तेव्हा प्रोवी रस्त्यात उभी होती, ती केवळ या म्हाताऱ्यामुळे. तेव्हापासून तिच्या घरी काही गोडधोड झालं की पहिली वाटी माएस्त्रोची.

तर ऑर्लँडोचं बोलणं निघालं त्याच आठवड्यात बेतो एका सोबत्याकडे सिनेमा बघायला गेला. तिथे मोठा सबवूफर होता, खर्जाचा घुमारा काढणारा स्पीकरचा खोका. पडद्यावर डोंगर फुटला, सोफा हलला, आणि बेतो घाबरायच्या ऐवजी खो खो हसला.

घरी येऊन म्हणाला, "मला तसली थरथर हवी. जिचं बटण माझ्या हातात असेल. मी सुरू करीन, मी बंद करीन. तो वूफर घरात आला तर मी कुठेही जात नाही. आईशप्पथ."

वूफर घ्यायचा हे माएस्त्रोला कळलं तेव्हा त्याने इस्त्रीचा शर्ट अंगात घातला. त्याच्या डोक्यात वेगळंच. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की चांगल्या वूफरवर बहिऱ्यालाही गाणं कळतं.

पोन्से शहराच्या रस्त्यावरच्या दुकानात ओस्वाल्दो नावाचा विक्रेता होता, बोलायला चुरचुरीत. "गाणी की सिनेमा?" त्याने पहिलंच विचारलं.

"दोन्ही," बेतो म्हणाला.

"सगळे दोन्हीच म्हणतात, आणि घरी जाऊन भांडतात. दोन्ही नीट जमवणारा आहे माझ्याकडे, पण त्याच्या किमतीत तुम्ही ज्या गाडीतून आलात ती येईल." त्याने दोन खोके दाखवले. एक लहान, चारी बाजूंनी बंद. दुसरा गुडघ्यापेक्षा उंच, पुढे वाटीएवढं तोंड असलेला. "हा बंदवाला गाण्याचा. तार थांबली की हाही थांबतो, एकेक सूर सुटा लागतो. तोंडवाला सिनेमाचा. त्याला सूरबिर कळत नाही, पण तो पार तळातलं काढतो. घर हलवायचं असेल तर हा."

त्याने बंद खोक्यावर एक जुना बोलेरो, संथ चालीचं प्रेमगीत, लावला. माएस्त्रोने आधी खोक्यावर तळवा ठेवला. मग सरळ बूट काढला आणि मोज्याचा पाय खोके मांडले होते त्या लाकडी फळीवर टेकवून उभा राहिला. त्याची डाव्या हाताची बोटं हवेत सरकायला लागली.

"हा वाजवणारा घाईत आहे," तो म्हणाला. बहिरी माणसं बोलतात तसा, दुकानभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "कडव्याशी पुढे पळतो. नेरेइदा, ऐकू येतंय मला." आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी घळघळा वाहायला लागलं. पुसायचंही त्याला सुचेना.

मग तेच गाणं तोंडवाल्यावर. म्हाताऱ्याने नाक मुरडलं. "हा प्यालाय. एकच सूर धरून बसलाय मेला."

ओस्वाल्दो हसला आणि त्याने सिनेमा लावला. जहाज फुटलं. कपाटांच्या काचा वाजल्या, फळी पायाखालून सरकल्यासारखी झाली. बेतोच्या कपाळावरच्या आठ्या नेरेइदाच्या डोळ्यांदेखत सैल पडल्या. इतक्या महिन्यांत तिने त्याचा तो चेहरा पाहिला नव्हता. आणि त्याच क्षणी बापाने तिचं मनगट पकडलं. तो दाराकडे बघत होता, त्याचा एक पाय पुढे पडलासुद्धा होता.

"काही नाही आजोबा, जहाज फुटलं फक्त," ओस्वाल्दो म्हणाला.

दोन्ही घेण्याची ऐपत नव्हती. बेतो म्हणाला, "तू सांग." माएस्त्रो म्हणाला, "तूच सांग, माझं काय, मी म्हातारा माणूस." पुरुषांचं हे बरं असतं. हवं ते दोघांनाही, आणि वाईटपणा बाईच्या गळ्यात.

नेरेइदा बापासमोर उभी राहिली, ओठ नीट दिसतील अशी. "पपा, हा गेला तर मला जावं लागेल. हा राहिला तर मी तुमच्यापाशी राहते. त्याला झोप लागायला हवी." मोठ्या खोक्याकडे तिने बोट केलं.

म्हाताऱ्याने मान हलवली आणि बूट घालायला खाली वाकला. नाडी बांधायला त्याला फार वेळ लागला. तिला त्या वेळी स्वतःचा इतका राग आला की तिने ओस्वाल्दोलाच उगीच झापलं, खोका नीट बांध म्हणून.

पहिल्याच संध्याकाळी तमाशा झाला. वर बेतोने लढाईचा सिनेमा लावला. खोका फरशीवर, फरशी खांबांवर, आणि खांबांच्या पायथ्याशी म्हातारा. खाली फाटक धाडधाड वाजायला लागलं. "निघा, निघा." आळी बाहेर पडली. कुणाच्या हातात पोर, कुणाच्या तोंडाला साबण, प्रोवीचं भाताचं पातेलं शेगडीवर तसंच. रस्त्यात उभं राहिल्यावर सगळ्यांना वरून बंदुकांचे आवाज ऐकू आले.

"माएस्त्रो," प्रोवी म्हणाली, "सिनेमासाठी बाहेर काढायचंच होतं तर तिकिटं तरी काढायचीत." आळी हसली. काय बोलली ते म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही, पण हसणारी तोंडं दिसली. तोही हसला. कान लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या-पाचव्या खेपेला कुणी हसलंही नाही. लोक दारातूनच वर बघायचे आणि तोंड वाकडं करून आत जायचे. एक जण तर म्हणाला, "म्हाताऱ्याचं आता डोकंही गेलं वाटतं." तेव्हापासून सिनेमा सुरू झाला की नेरेइदा धावत जिना उतरायची, बापासमोर उभी राहायची आणि म्हणायची, "पपा, सिनेमा आहे. बसा." सुरुवातीला तो फाटकापर्यंत पोचलेला असायचा, नंतर दारापर्यंत, पुढे नुसता खुर्चीतून अर्धा उठलेला. ती खांद्यावर हात ठेवून त्याला परत बसवायची.

"खात्री आहे ना?" तो विचारायचा.

"मी सांगतेय ना पपा. बसा."

तिने बेतोला सांगून पाहिलं. "थोडा लहान कर रे. त्यांना काही कळेनासं झालंय."

बेतो दोन दिवस लहान करायचा, तिसऱ्या दिवशी बटण पुन्हा मूळपदावर. पण ती तरी कुठल्या तोंडाने जोर करणार? बेतो झोपायला लागला होता. जेवताना थट्टा करायला लागला होता. ऑर्लँडोचं नाव काढत नव्हता. छोटे धक्के यायचे ते सिनेमात विरघळून जायचे, त्याला पत्ताही लागायचा नाही. घर टिकलं, नवरा टिकला, बापाशेजारी राहता आलं. तिने जे मागितलं होतं ते तिला मिळालं होतं, आणि त्याबद्दल ती रविवारी चर्चमध्ये मेणबत्तीही लावून आली.

माएस्त्रो मात्र बदलला. एकदा ती कॉफी घेऊन गेली तर तो पाय खुर्चीच्या आडव्या दांडीवर उचलून घेऊन बसला होता, पोरासारखा. "खाली टेकवले की हे काहीबाही सांगतात," तो म्हणाला. "आणि मी त्यांचं ऐकलं की तुझी लाज जाते." तिला गलबलून आलं. ती म्हणाली, "माझी कसली लाज, पपा." पण तिने पाय खाली ठेवायला सांगितलं नाही. कारण खरं सांगायचं तर आळीसमोर तिला लाज वाटतच होती.

ऑगस्टमधली दुपार होती. बेतो कामावर. वर टीव्ही बंद, वूफर बंद. नेरेइदा रस्त्यापलीकडे प्रोवीच्या अंगणात गंडुळे सोलत बसली होती, हिरव्या तुरीसारख्या त्या शेंगा. तिथून खोलीच्या उघड्या दारातून बाप तिला दिसत होता. खुर्चीत बसून तो शर्टाचं बटण लावत होता. मध्येच तो थांबला. त्याने छताकडे पाहिलं. पाय दांडीवरून उतरवून जमिनीवर ठेवले, अर्धा उठला, आणि सावकाश परत खाली बसला.

नेरेइदाला अजून काहीच जाणवलं नव्हतं. ती तशीच शेंग हातात धरून बघत राहिली, आज घरात सिनेमा नाही हे तिच्या डोक्यात शिरेपर्यंत. मग कुत्री ओरडली आणि रस्ता हलला.

ती धावली. रस्त्यात एकदा पडली, उठली, फाटक उघडलं. "पपा, बाहेर या. पपा." दोन्ही हातांनी बोलावत ती अंगणातून पळत येत होती. माएस्त्रोने तिला पाहिलं. रोज यायची तशीच ती आज येत होती, तोंड हलवत, धापा टाकत, आणि ती काय सांगायला येतेय ते त्याला पाठ होतं. बिचारीला उगीच धावायला लावलं असं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर आलं. त्याने तळवा वर केला.

"माहितेय, माहितेय," तो ओरडून म्हणाला. "सिनेमा. बसलोय बघ मी."

आणि तिला दिसावं म्हणून पाठ खुर्चीला नीट टेकवली.

पुढचे दोन खांब आधी मोडले. वरचं घर पुढे वाकलं आणि खाली बसलं. धूळ आली, ती तिच्या तोंडात, डोळ्यांत गेली. प्रोवीने मागून तिची कंबर धरली नसती तर ती आत गेली असती. ती प्रोवीला चावली, तिने ओरबाडलं, पण प्रोवीने सोडलं नाही.

बेतो कारखान्यातून तसाच निघाला, रस्ता फुटला होता तिथे गाडी टाकून पायी आला. काँक्रीट त्याने हातांनी उपसायला घेतलं. आळीतले पुरुष आले, मग यंत्र आलं. अंधार पडायच्या आत माएस्त्रो मिळाला.

शाळेच्या मैदानावरच्या तंबूत लोक भेटायला आले. आले ते सगळे तेच बोलले. बिचाऱ्याला ऐकूच आलं नाही. बहिरा माणूस, त्याला कळणार कसं. प्रोवी नेरेइदाशेजारी बसून तिचा हात चोळत होती. तीही तेच म्हणाली, "एवढं तरी बरं, पोरी. त्यांना कळलंच नाही."

"कळलं होतं," नेरेइदा म्हणाली.

बेतो समोर जमिनीवर बसला होता, बोटांना पट्ट्या बांधलेल्या. त्याने वर पाहिलं.

"कुत्र्यांच्या आधी कळलं होतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी बघत होते. ते उठले होते, प्रोवी. आणि मग मी शिकवलं होतं तसे खाली बसले."

प्रोवीचा हात थांबला. बेतो रडायला लागला आणि म्हणाला, इथे आता काही उरलं नाही, ऑर्लँडोला जाऊ, दोघं जाऊ. नेरेइदाने हो म्हटलं. आता कुठेही जायला तिची हरकत नव्हती.